पायावर पडलेलं पाणी

सेलू, ९ जून २०२४

प्रिय बबिता,
जय भीम.

तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस हे मला सहा वर्षं माहीत आहे, तरी महिन्यातून एकदा मी तुझा लावून बघते. आज पत्र लिहिते आहे. अक्षर ओळखशील, पण न फोडता चुलीत घालू नकोस. यात अर्पिताच्या डोळ्याचं आहे.

सिद्धोधन दाजींचा फोन आला होता. तुला न सांगता केला त्यांनी. त्यांना बोलू नकोस. एप्रिलमध्ये हैदराबादला अर्पितासाठी तुझ्या डोळ्याचा तुकडा काढला आणि चौथ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये बुरशी आली, सगळं फेकावं लागलं, असं म्हणाले. त्यांच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत वडस वाढलंय, बुबुळावर मांस चढतं ते, उन्हातान्हात राबून, म्हणून डॉक्टर त्यांचा घेत नाहीत. तुझ्या डोळ्याला पुन्हा हात लावायला तयार नाहीत. “अक्का, रक्तातलं कुणी तरी पाह्यजे म्हणायलेत. आता तुमीच हाव,” म्हणाले.

मी तयार आहे. मला विचारायचीसुद्धा गरज नव्हती.

तुला तिथं कुणी नीट समजावून सांगितलं की नाही, म्हणून सांगते. नववीच्या पोरांना सांगते तसंच. बुबुळावर एक पारदर्शक पापुद्रा असतो, पेशींचा. तो रोज झिजतो आणि रोज नवा येतो. या नव्या पेशी जन्मतात काळ्या आणि पांढऱ्याच्या सीमेवर, बुबुळाच्या कडेला. अर्पिताची ती कडच जळाली आहे. उजवा डोळा तर गेलाच. डाव्यात नव्या पेशी येत नाहीत, म्हणून वर पांढरा पडदा चढला आणि तिला फक्त ऊन आणि सावली कळते. माझ्या कडेचा तांदळाच्या कणीएवढा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवल्या, तर त्या तिथं लावता येतील. मला फारसा त्रास होणार नाही. झाला तरी चालेल.

आबा गेले त्या दिवशी तू म्हणालीस, “तुझ्या घरात माझ्या लेकीचे डोळे गेले. आता तुझ्या घरचं पाणी प्यायची न्हाई मी.” ठीक आहे. पाणी पिऊ नकोस. डोळ्याचा तुकडा तेवढा घे.

मे २०१६ चा तो दिवस मीही विसरलेले नाही. आबांची चुन्याची ट्यूब पोरीच्या हाताला लागली हे खरं, घर माझं हेही खरं. पण मला जमेल तेवढं पाणी मी तिच्या डोळ्यांत घातलं, तुला माहीत आहे. समोरच्या सरजाबाईनं आधीच एरंडेल ओतलं नसतं तर कदाचित काही उरलं असतं. जाऊ दे. अडाणी बाई, तिला काय कळणार.

अर्पिता आता पंधराची झाली ना?

तुझी अक्का,
धम्मशीला


हैदराबाद, २ जुलै २०२४

प्रिय बबिता,

तू धर्मशाळेत आहेस आणि मी दोन गल्ल्या सोडून लॉजवर, तरी लिहावं लागतं. काल मी आले तशी तू औषधांच्या खिडकीवर गेलीस आणि मी जाईपर्यंत परत आली नाहीस. तुझ्या केसांत इतकं पांढरं कधी झालं? पाठमोरी दिसलीस तेवढंच.

तुकडा काढताना दुखलं नाही. थेंब टाकून डोळा बधिर केला. आता पट्टी आहे, एका डोळ्यानं लिहिते आहे, ओळी वर-खाली जातात. अर्पिता आठ वर्षं याहून कमी उजेडात चालली आहे, असं मनात आलं आणि जिना उतरताना मी कठडा सोडून बघितला. तीन पायऱ्या. मग घाबरून धरला.

प्रयोगशाळेत नांदेडची एक मुलगी आहे, राजेश्री नावाची. आत कुणाला जाऊ देत नाहीत, पण मी शाळेत विज्ञान शिकवते कळल्यावर तिनं मला बाहेरच्या पडद्यावर एक डिश दाखवली. माझी नव्हे, दुसऱ्या कुणाची, दहा दिवसांची. मॅडम, बाळंतपणात वारेबरोबर जो पातळ पडदा पडतो ना, तो आम्ही स्वच्छ करून खाली अंथरतो, म्हणाली. त्यावर तुकडा ठेवायचा. त्याच्याभोवती गुलाबी पाणी आणि अंगाएवढी ऊब. दोन दिवस काहीच होत नाही. तिसऱ्या दिवशी तुकड्याच्या कडेनं पेशी सरकत बाहेर येतात.

बबिता, वीस वर्षं मी फळ्यावर अभिस्तर ऊती काढते आहे, फरश्या जोडल्यासारखी. खरी पहिल्यांदा पाहिली. एकही फट नाही. प्रत्येकीनं शेजारणीला धरलेलं. जिथं मोकळी जागा आहे तिथं पुढं सरकतात आणि एकमेकींना टेकल्या की थांबतात. “यांना कळतं कसं थांबायचं?” मी खुळ्यासारखं विचारलं. राजेश्री हसली. “शेजार लागला की थांबतात, मॅडम. शेजार नसला की मग काही खरं नाही.”

सोळा तारखेला लावायचं म्हणतात. तयार झालेला पडदा एका दिवसाहून जास्त थांबत नाही. लावला तर लावला, नाहीतर टाकून द्यायचा.

डॉक्टरांनी जुनी हकीकत पुन्हा विचारली. दाजी म्हणाले, लगेच धुतला होता डोळा, अक्कांनी. लगेच धुतला असता तर इतकं खोल जायला नको होतं, असं काहीतरी डॉक्टर पुटपुटले. त्यांना आपल्याकडच्या चुन्याची काय कल्पना.

अर्पिता माझ्याजवळ बसली होती बाकावर. उंच झाली. लहानपणचं काहीबाही विचारत होती. पोरांना नीट आठवत नसतं.

उद्या निघते. शाळा सुरू झाली आहे.

अक्का


सेलू, ११ जुलै २०२४

बबिता,

हे पत्र मी तीन दिवस लिहिते आणि फाडते आहे. आज आपल्या गल्लीतला धम्मानंद ट्रॅव्हल्सची गाडी घेऊन हैदराबादला निघाला आहे, तो उद्या सकाळी धर्मशाळेत आणून देईल. मुद्दाम पोस्टात टाकत नाही. पोस्टानं सोळा तारखेनंतर पोचलं असतं, आणि तसं पोचावं असं मला फार वाटत होतं.

त्या बाकावर अर्पितानं काय विचारलं ते आधी सांगते. माझ्या हाताला हात लावून म्हणाली, “मावशी, एक गोष्ट मला आठवती. पाणी माझ्या पायावर पडलं होतं. गार पाणी. डोळ्यात न्हाई. आणि कलशी पडल्याचा आवाज.”

मी म्हणाले, “तू सात वर्षांची होतीस बाळा. तुला नीट आठवत नसेल.”

ती म्हणाली, “आसंल.” जिला दिसत नाही तिला ऐकलेलं आणि अंगाला लागलेलं तेवढंच आठवतं. ते मी तिच्याकडून काढून घेतलं आणि तेवढ्यासाठी मला एक वाक्य पुरलं.

आता ऐक.

दुपारी दोनचा सुमार. आबा झोपले होते. अर्पितानं त्यांच्या सदऱ्यातून चुन्याची ट्यूब काढली होती, तिचं टोपण सुकून बसलं होतं म्हणून तिनं दातानं दाबलं आणि दोन्ही हातांनी पिळलं. ती फुटली. पहिली किंकाळी ऐकून मी स्वयंपाकघरातून आले आणि माझ्याआधी समोरून सरजाबाई आली होती, भरलेली कलशी कडेवर घेऊन. पाणी भरून घरी चालली होती ती. “बाई, धरा तिला! पानी वतते!” म्हणाली.

आणि मी तिचा हात धरला.

मी ओरडले, “पाणी नको! पाणी लागलं की चुना उकळतो!”

दर वर्षी वर्गात मी कळीचा चुना काचेच्या भांड्यात टाकते आणि वर पाणी ओतते. ते फसफसतं, वाफ येते. पोरांना भांड्याला बाहेरून हात लावायला लावते. उष्मादायी अभिक्रिया. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढं तेवढं एकच भांडं होतं. तंबाखूत मळायचा चुना आधीच पाण्यात विझवलेला असतो, त्याला पुन्हा पाणी लागलं तर काहीसुद्धा उकळत नाही, ही त्याच धड्याची पुढची ओळ. तीही मीच शिकवते. ती आठवली नाही.

सरजाबाई म्हणाली, “आवो बाई, खुळ्या झाल्यात का! सोडा!” मी सोडलं नाही. झटापटीत कलशी पडली. पाणी सगळं पोरीच्या पायांवर. मग मी देवळीतली एरंडेलाची बाटली घेतली, तिच्या पापण्या बोटांनी उघडल्या आणि दोन्ही डोळ्यांत तेल घातलं. तेलाखाली चुना तसाच राहिला. रिक्षा यायला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात दोनदा सरजाबाई पाणी घेऊन दाराशी आली, दोनदा मी तिला बाहेर काढलं.

परभणीला डॉक्टरांनी डोळे उघडले तेव्हा आतून तेलात कालवलेला चुना निघाला. “तेल कुणी घातलं?” त्यांनी विचारलं. तू नुकतीच ताडकळसहून पोचली होतीस, पदर खांद्यावरून गेलेला, चपला नव्हत्या पायात. तू माझ्याकडे बघत होतीस. मी म्हणाले, “शेजारच्या बाईनं. मी पाणी घालत होते.”

सगळं उलटं करून सांगितलं. तिचं पाणी मी घेतलं, माझं तेल तिला दिलं. बोलून झाल्यावर मला वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी तू सेलूला येऊन भर गल्लीत सरजाबाईच्या थोबाडीत मारलीस. त्यानंतर सांगायचं कसं?

तिचा धंदा काय होता तुला ठाऊक आहे. बाळंतिणीला आणि बाळाला न्हाऊ घालायची. अर्पितालाही चाळीस दिवस तिनंच न्हाऊ घातलं, आपल्याच न्हाणीत. त्या वर्षापासून तिला कुणी बोलावत नाही. ‘पोरीच्या डोळ्यात तेल घातलेली बाई’ म्हणतात. आता ती जिनिंगमध्ये सरकी झाडते.

आणि आबा. शेवटच्या आजारात एकदा मला जवळ बोलावून म्हणाले, “माय, तू धुतला हुतास नव्हं डोळा? मग माझ्याच चुन्यानं गेली पोरगी. दुसऱ्या कुणाचा दोष न्हाई.” मी म्हणाले, हो आबा, धुतला होता. सगळं एकट्याच्या डोक्यावर घेऊन गेले ते. निम्मं माझं होतं.

विहारात पंचशील म्हणताना चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलाला मी ओठ हलवते, आवाज काढत नाही. आठ वर्षं. कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

तर आता त्या डिशमध्ये माझ्या पेशी वाढत आहेत. राजेश्रीनं काल फोन केला होता, छान पसरल्यात म्हणाली. मी गप्प राहिले असते तर सोळाला त्या अर्पिताच्या डोळ्यावर बसल्या असत्या आणि तू मला कदाचित एखादा फोनही केला असतास. मला तो फोन हवा होता. पण पुढं कधीतरी तिला दिसलं असतं, आणि सरजाबाई रस्त्यानं जाताना दिसली असती, आणि कुणीतरी तिला सांगितलं असतं, हीच ती बाई.

तुला माझा तुकडा नको झाला तर डॉक्टरांना नाही सांग. मी समजेन. पण एक कर, सांगण्याआधी अर्पिताला हे पत्र वाचून दाखव. सगळं. तिला म्हणावं, तुला बरोबर आठवतं. पाणी पायावरच पडलं होतं.

धम्मशीला


सेलू, २२ जुलै २०२४

बबिता,

सोळाला रात्रभर काही कळलं नाही. सतराला दाजींचा फोन आला, चार वाक्यांचा. “ऑपरेशन झालं. अर्पिताच हो म्हणली. बबिता कायच बोलंना गेली. अक्का, तुमी हिकडं येऊ नका.”

नाही येणार.

काल आषाढी पौर्णिमा. वंदना झाल्यावर मी विहारात उभी राहिले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, जे तुला लिहिलं ते. मला वाटलं होतं, लोक उठून जातील. तसं काही झालं नाही. मागून एक बाई म्हणाली, “मॅडम लय मोठ्या मनाच्या हायत. म्हातारीवरचा ठपका स्वतःवर घ्यायल्यात.” पुढच्या माना हलल्या. मी म्हणाले, नाही हो, खरंच मी घातलं तेल. दिनकरराव, आपले शाळेचे निवृत्त हेडमास्तर, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “बस्स झालं ताई. किती मनाला लावून घ्याल? विज्ञानाची शिक्षिका असं करील का कुठं!”

खीर वाटली. मला दोनदा वाढली.

सरजाबाई विहारात येत नाही आता. मी तिच्या घरी गेले. सरकीच्या पोत्यांना टेकून बसली होती, हात काळवंडलेले. मी म्हणाले, “सरजाबाई, त्या दिवशी तेल मी घातलं होतं.”

“मला काय सांगायल्यात? मी तितंच हुते की.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोलले की! नळावर बोलले, इहारात बोलले, तुमच्या भैनीनं मारलं तवा बी बोलले. लोक म्हनले, मास्तरीण खोटं बोलंल व्हय? तू अंगठेबहाद्दर, तुजं ऐकावं का तिचं?” मग हात उलटेसुलटे करून बघत बसली. “बाई, पुडं पुडं मलाच वाटाया लागलं, घातलं आसंल मीच. बाटली हातात हुती का कलशी, मलाच उमगंना. रोज तेलापान्यातच हात असायचे माजे. लय रात्री काडल्या मी तशा.”

मी तिच्या पाया पडायला वाकले. तिनं पाय आखडून घेतले.

“आता काय उपेग,” म्हणाली. “जावा घरी. दिवा लावायची येळ झाली.”

अक्का


सेलू, १ डिसेंबर २०२४

बबिता,

काल तू आली होतीस.

मी खिडकीत होते, पडदा ओढलेला. रिक्षा माझ्या दारासमोर थांबली तेव्हा मी उठून केस सारखे केले, खोटं कशाला सांगू. मग तुम्ही दोघी वळून समोर गेलात.

अर्पिता कुणाचा हात न धरता रिक्षातून उतरली. काळा चष्मा, दोन वेण्या. नालीपाशी थांबली, खाली बघितलं आणि ओलांडली. दाजी फोनवर सांगतात की हातभरावरची मोठी अक्षरं तिला वाचता येतात, माणूस ओळखू येतो तो आठ-दहा पावलांवर. त्यापुढं धुकं. यापेक्षा वाढेल की नाही डॉक्टर सांगत नाहीत, आणि किती वर्षं टिकेल तेही नाही.

सरजाबाई दारात आली. तू तिच्या पायांवर डोकं ठेवलंस, तिथंच, गल्लीत, जिथं मारलं होतंस तिथं. नळावरच्या बायका घागरी सोडून बघत होत्या. तू त्यांच्याकडे वळून जे बोललीस ते मी शब्द न् शब्द ऐकलं. “माझ्या भैनीनं घातलं तेल. ह्या माऊलीनं पानी आणलं हुतं. माझी भैन खोटं बोलली आन् मी हिला मारलं. आयका सगळ्यांनी!”

तुझ्यावर त्यांनी विश्वास ठेवला. विहारात मी सांगितलं तेव्हा ठेवला नव्हता. संध्याकाळी दिनकरराव माझ्या दारावरून गेले, थांबले नाहीत. कोपऱ्यावरच्या वाघमाऱ्यांची सून बाळंत झाली आहे. आज सकाळी सरजाबाई हातात पातेलं घेऊन तिकडे जाताना दिसली.

तिनं तुम्हाला ओट्यावर बसवलं. आतून तांब्या आणला. तू घटाघटा पाणी प्यायलीस, पोरगी प्यायली. सरजाबाईनं तिची हनुवटी धरून चष्मा वर केला आणि डोळा बघितला, बराच वेळ, हात न लावता. काहीतरी म्हणाली. अर्पिता हसली.

मग तांब्या खाली ठेवून अर्पिता माझ्या खिडकीकडे बघत राहिली. सरजाबाईच्या ओट्यापासून माझी खिडकी नऊ पावलं आहे, मी आज मोजली. मी पडदा बाजूला केला आणि हात वर केला. तिनं केला नाही. दिसलं नसेल. दिसलंही असेल.

तू तिला खांद्याला धरून उठवलंस आणि रिक्षा गेली. माझ्या दाराकडे तू एकदाही पाहिलं नाहीस. तसं मी काही मागितलेलं नाही.

एकच लिहायचं आहे, बाकी या पत्राचं काहीही कर. दाजी म्हणत होते, गोळ्यांनी तिचं पोट बिघडतं म्हणून दोन दिवस दिल्या नाहीत. तसं करू नका. दवाखान्यात विचारा, बदलून घ्या, पण मनानं थांबवू नका. त्या पेशी माझ्या आहेत. तिच्या डोळ्यावर त्या नीट बसल्या आहेत, फट न ठेवता, पण तिच्या अंगाला ठाऊक आहे की हे आपलं नव्हे. गोळी चुकली की अंग त्यांना बाहेर टाकू लागेल. एक दिवसही चुकवू देऊ नकोस.

धम्मशीला